जुन्या ट्रॅक्टरला दुसरा सेल्फ घेताना

उसाचा हंगाम सुरू झाला की दिंद्रुड-तेलगाव भागात पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे ट्रॅक्टर आजही ट्रॉल्या ओढताना दिसतात. इंजिन दमदार असते, पण सकाळी सुरू करायला ढकलणारी माणसे गोळा करावी लागतात, नाहीतर रात्रीच ट्रॅक्टर उतारावर लावून ठेवावा लागतो. दोष सेल्फला दिला जातो. सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिले फेरे देणारी विजेची मोटर. नवा सेल्फ आणायला माजलगावला निघण्याआधी आपल्याला घरीच बरेच काही तपासता येते.

सगळ्यात आधी, बिघाड खरोखर सेल्फचाच आहे का ते पाहा. सेल्फ मारताना बॅटरीतून काहीशे अँपिअर करंट जातो. टर्मिनलवर चढलेली पांढरी-हिरवी बुरशी किंवा गंजावर आवळलेली अर्थची वायर एवढा करंट जाऊ देत नाही. मग चांगला सेल्फही कण्हत फिरतो.

मल्टीमीटर स्वस्तात मिळतो, तो घ्या. ट्रॅक्टर न्यूट्रलला ठेवा आणि एकाला सीटवर बसून सेल्फ मारायला सांगा. त्या वेळी बॅटरीवर साडेनऊ व्होल्टच्या खाली आकडा गेला, तर आधी बॅटरी चार्ज करून तपासून घ्या. बॅटरी चांगली निघाली आणि आकडा तरीही कोसळला, तर सेल्फच जास्त करंट ओढतो आहे. आकडा ठीक असूनही सेल्फ हळू फिरत असेल, तर मीटरची एक सुई बॅटरीच्या मायनस खांबावर आणि दुसरी सेल्फच्या अंगावर टेकवून पुन्हा सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवले, तर अर्थ खराब आहे. वायर सोडा, खालचा रंग-गंज पॉलिश पेपरने घासून धातू चकचकीत करा आणि वायर पुन्हा आवळा. कित्येक ट्रॅक्टरांचे दुखणे इथेच संपते.

आवाजही बरेच सांगतो. नुसते ‘टक’ होऊन थांबले, तर बॅटरी, सेल्फचे कार्बन किंवा वरचा सॉलेनॉइड यांवर संशय घ्या. सॉलेनॉइड म्हणजे करंट जोडणारा आणि दातेरी चाक पुढे ढकलणारा चुंबकी स्विच. सेल्फ घरघर फिरतो पण इंजिन हलत नाही, असे असेल तर दोष बेंडिक्सचा, म्हणजे त्या दातेरी चाकाच्या जोडणीचा, किंवा फ्लायव्हीलच्या रिंगचा आहे. कार्बन, बुश, बेंडिक्स हे सुटे मिळतात. त्यासाठी अख्खा सेल्फ बदलायचे कारण नाही. आर्मेचर, म्हणजे मोटरचा आत फिरणारा भाग, जळून करपट वास येत असेल, तर मात्र दुसरा सेल्फ पाहावा.

सेल्फ उतरवताना बॅटरीची मायनस वायर आधी सोडा. पाना प्लसला आणि ट्रॅक्टरच्या अंगाला एकदम लागला, तर हात भाजतो.

सेल्फ निघाला की तो बसतो त्या भोकातून टॉर्चच्या उजेडात रिंगचे दाते पाहा. इंजिन बंद होताना ठरावीक जागीच थांबते: चार सिलिंडरचे दोन जागी, तीन सिलिंडरचे तीन जागी. त्यामुळे दाते तेवढ्याच जागी झिजतात. ‘कधी सेल्फ लागतो, कधी लागत नाही, ट्रॅक्टर गिअरमध्ये जरा पुढे ढकलला की लागतो’ ही तक्रार बहुतेक रिंगचीच असते. रिंगला ट्रॅक्टर मधून उघडावा लागतो, खर्च मोठा आहे, म्हणून लोक टाळतात. पण खाल्लेल्या रिंगवर नवा सेल्फ बसवला, तर त्याचे दातेही थोड्याच दिवसांत जातात.

आता खरेदी. दुकानात ‘महिंद्रा ५७५चा सेल्फ द्या’ किंवा ‘मॅसी १०३५चा द्या’ एवढे सांगून भागत नाही. वर्षांगणिक कंपन्या सेल्फ बदलतात, आणि आधीच्या मालकाने काय बसवले हेही आपल्याला ठाऊक नसते. जुना सेल्फच पिशवीत घालून न्या. त्याच्या अंगावरची पाटी ब्रशने साफ करून नंबर वाचा. पाटीवर मायको असेल आणि नव्या खोक्यावर बॉश, तर घाबरू नका. मायको कंपनीचेच नाव २००८ साली बॉश झाले.

नंबर जुळला तरी दोन्ही सेल्फ काउंटरवर शेजारी ठेवा. व्होल्ट बारा हवेत; ट्रकचा चोवीस व्होल्टचा सेल्फ बारावर सुस्त फिरतो. दाते मोजा, त्यांची जाडीही पाहा. एक दाता कमी-जास्त असला, तर रिंगशी मेळ बसत नाही. बसण्याची कड, बोल्टची भोके आणि कडेपासून दातेरी चाकापर्यंतचे अंतर पट्टीने मोजा. दातेरी चाकाच्या बाजूने पाहून फिरण्याची दिशा तपासा. शेवटी किलोवॅट पाहा. डिझेल इंजिनात हवा दाबून तापवावी लागते, त्यासाठी फेरे वेगाने हवेत. म्हणून पेट्रोल गाडीचा किरकोळ सेल्फ बसला तरी चालत नाही.

दुकानदार सेल्फ मोकळा फिरवून दाखवतात. त्यावर निर्धास्त होऊ नका. मोकळा तर थकलेला सेल्फही भन्नाट फिरतो. कस लागतो तो इंजिनाच्या ओझ्याखाली. बसवून पाहून परत घेण्याची बोली आधीच करा आणि पक्के बिल घ्या.

रिपेअर केलेला घ्यावा की नवा? जुन्या भरीव सेल्फचे आर्मेचर चांगले असेल, तर ओळखीच्या कारागिराकडून तोच दुरुस्त करून घेणे मला बरे वाटते. नवाच घ्यायचा असेल आणि आपल्या ट्रॅक्टरला जुळणारा मिळत असेल, तर आतून गिअर असलेला सेल्फ पाहा. तो वजनाला हलका असतो, करंट कमी ओढतो आणि इंजिन जोमात फिरवतो. मात्र निनावी खोक्यातला स्वस्त माल नको.

बसवताना कडेखालचा रंग आणि ऑइल पुसा, कारण बहुतेक सेल्फना अर्थ तिथूनच मिळतो. दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. मध्ये मिनिटभर थांबा.

आणि एक कळकळीची विनंती. सेल्फ लागत नाही म्हणून खाली उभे राहून सॉलेनॉइडवर पाना टेकवून ट्रॅक्टर सुरू करू नका. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल, तर इंजिन पेटताच तो पुढे झेपावतो, आणि पाना धरणारा माणूस नेमका मागच्या मोठ्या चाकापुढे उभा असतो. नवा सेल्फ येईपर्यंत ट्रॅक्टर एक दिवस बंद राहिला तरी चालेल.