सी भाषेत मराठी नावाची फाइल उघडणे : विंडोज, लिनक्स आणि मॅक

फाइल उघडण्यासाठी सी भाषेत ‘एफओपन’ हे फंक्शन वापरतात, हे तुम्हाला माहीत आहेच. ते विंडोजवर आहे, लिनक्सवर आहे, मॅकवरही आहे. एकच प्रोग्राम तिन्हीकडे विनातक्रार कंपाइल होतो. पण तो तिन्हीकडे तीच फाइल उघडेल, असे मात्र नाही. पाठ्यपुस्तकांतल्या उदाहरणांत फाइलचे नाव नेहमी इंग्रजी असते, त्यामुळे हा प्रश्न वर्गात सहसा येतच नाही. नाव मराठी असले की तो पहिल्याच ओळीत समोर येतो.

एक उदाहरण धरू. तुम्ही व्हाइटफील्डला नोकरी करता. ऑफिसमध्ये लिनक्स आहे, खोलीवर स्वतःचा मॅक आहे. गावी वाळवा तालुक्यात वडील विकास सोसायटीचे सचिव आहेत आणि सोसायटीचा कंप्युटर विंडोजचा आहे. त्यावर ‘शेतकऱ्यांची यादी’ नावाची फाइल आहे : कोणाचा किती ऊस, कोणाला किती पीककर्ज. अशा वीस-पंचवीस फाइली वाचून एक एकत्र यादी करणारा छोटा प्रोग्राम वडिलांना हवा आहे. यादीतून एखादे नाव गळले तर त्या माणसाचे कर्ज अडेल. म्हणून ‘बहुतेक वेळा चालतो’ एवढे इथे पुरेसे नाही.

प्रथम फाइलचे नाव पाहू. लिनक्सच्या कर्नलला नाव ही केवळ बाइटची ओळ असते. त्यात शून्य हा बाइट आणि तिरकी रेघ चालत नाही. बाकी काहीही चालते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, आणि मात्रा, अनुस्वार, हलन्त ही वेगळी चिन्हे असतात. ‘शेतकऱ्यांची’ या शब्दात अशी ११ चिन्हे, म्हणजे ३३ बाइट. ईएक्सटी४ फाइल सिस्टीममध्ये नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे, म्हणजे मराठीत फक्त ८५ चिन्हे. विंडोजच्या एनटीएफएसमध्येही मर्यादा २५५ चीच आहे, पण ती १६ बिटांच्या एककांत मोजतात, आणि देवनागरीचे एक चिन्ह एका एककात बसते. वडिलांनी शंभर चिन्हांचे ऐसपैस नाव दिले तर विंडोज ते घेईल, पण ती फाइल लिनक्सवर त्याच नावाने उतरवता येणार नाही.

आता विंडोज. तिथे फाइलची नावे आतून यूटीएफ-१६ मध्ये असतात, पण ‘एफओपन’ला दिलेले नाव सिस्टीमच्या ‘एन्सी’ कोडपेजमधले आहे असे सहसा मानले जाते. भारतातल्या इंग्रजी मांडणीत हे कोडपेज १२५२ असते आणि त्यात पश्चिम युरोपातली अक्षरे आहेत. रशियन, ग्रीक, थाई यांना विंडोजने स्वतःची एन्सी कोडपेजे दिली; देवनागरीला दिले नाही. भारताचे इस्की हे मानक १९९१ चे, आणि त्याचे देवनागरी कोडपेज ५७००२ या क्रमांकाने विंडोजमध्ये आहेही, पण ते रूपांतरापुरतेच. सिस्टीमचे कोडपेज म्हणून ते निवडता येत नाही.

त्यामुळे दोन प्रकार घडतात. नाव कमांड लाइनवरून दिले, तर साध्या ‘मेन’पर्यंत पोहोचेपर्यंत प्रत्येक मराठी चिन्हाचे प्रश्नचिन्ह झालेले असते आणि फाइल उघडत नाही. हे बरे, निदान चूक कळते. नाव प्रोग्राममध्येच यूटीएफ-८ मध्ये लिहिलेले असेल, तर त्यातला एकेक बाइट १२५२ मधले एकेक अक्षर समजला जातो. वाचताना फाइल सापडत नाही. पण लिहिण्यासाठी उघडली, तर अगम्य नावाची नवी फाइल तयार होते आणि प्रोग्राम यश कळवतो. वडील मात्र ‘शेतकऱ्यांची यादी’ उघडून जुनीच यादी पाहत बसतात.

उपाय असा. प्रोग्रामच्या आत सर्व नावे यूटीएफ-८ मध्येच ठेवा. विंडोजवर उघडायच्या क्षणी ‘मल्टीबाइट-टू-वाइडचार’ वापरून, कोडपेज ६५००१ सांगून, त्यांचे यूटीएफ-१६ करा आणि ‘डब्ल्यूएफओपन’ला द्या (या नावाच्या आधी अंडरस्कोर असतो). कमांड लाइनसाठी ‘मेन’ऐवजी ‘डब्ल्यूमेन’ घ्या. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून प्रोग्रामच्या मॅनिफेस्टमध्ये एन्सी कोडपेज यूटीएफ-८ असल्याचे घोषित करता येते आणि मग साधे ‘एफओपन’ही चालते. पण गावाकडच्या सोसायटीत विंडोज ७ असण्याची शक्यता गृहीत धरून मी पहिलाच मार्ग सुचवेन.

नाव बरोबर गेले, फाइल उघडली. तरी मजकूर पूर्ण येईलच असे नाही. विंडोजवर टेक्स्ट मोड आणि बायनरी मोड वेगळे असतात. टेक्स्ट मोडमध्ये वाचताना १३ आणि १० या जोडीचा एकटा १० होतो, लिहिताना १० च्या आधी १३ घातला जातो, आणि वाचताना २६ हा बाइट आला की फाइल संपली असे मानले जाते. आता जुन्या नोटपॅडमध्ये मराठी जपून ठेवायला लोक ‘युनिकोड’ हा पर्याय निवडत. तो म्हणजे यूटीएफ-१६. युनिकोडमध्ये ‘च’चा क्रमांक २३३०, म्हणजे ९ गुणिले २५६ अधिक २६. ‘ऊ’चा २३१४, म्हणजे ९ गुणिले २५६ अधिक १०. तेव्हा ‘च’ साठवताना त्यातला एक बाइट २६ असतो आणि ‘ऊ’मधला १०. ‘शेतकऱ्यांची यादी’ हे शीर्षक टेक्स्ट मोडमध्ये वाचले तर ‘शेतकऱ्यां’पाशीच फाइल संपते. ‘ऊस’ लिहायला गेलात तर ‘ऊ’च्या आधी एक जादा बाइट घुसतो आणि पुढचा सगळा मजकूर एका बाइटने सरकतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठा असल्याने हे होत नाही. पण समोरची फाइल कशात आहे हे उघडण्याआधी माहीत नसते, म्हणून नेहमी ‘आरबी’ आणि ‘डब्ल्यूबी’ हेच मोड द्या. लिनक्स आणि मॅकवर ‘बी’चा काही परिणाम होत नाही. खालच्या पातळीवरचे ‘ओपन’ वापरत असाल तर विंडोजवर ‘ओ_बायनरी’ हा ध्वज जोडा. जिथे तो नाही तिथे त्याची व्याख्या शून्य करून टाका.

मॅकवर अडचण वेगळी, आणि ती आपल्या ‘ऱ्य’मुळे येते. ‘ऱ’ हे एकच चिन्ह म्हणून लिहिता येते, किंवा ‘र’ अधिक नुक्ता असेही. युनिकोड या दोन्हींना समान मानते. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टीम नाव साठवताना ते सुटे करून ठेवत असे. २०१७ पासूनची एपीएफएस दिलेले रूप तसेच ठेवते, पण दोन्ही रूपांना एकच फाइल दाखवते. लिनक्सला सहसा बाइटच दिसतात. त्यामुळे जुन्या मॅकवरून आलेली ‘शेतकऱ्यांची यादी’ आणि विंडोजवरून आलेली तीच यादी लिनक्सवर शेजारी शेजारी दोन फाइली म्हणून राहतात, डोळ्यांना अगदी सारख्या. तिसरे रूप ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह असे असते. ते पहिल्या दोहोंशी समान मानले जात नाही, म्हणून प्रमाणीकरण करूनही ते वेगळेच राहते. ते तुम्हालाच ओळखून बदलावे लागते. नावे जुळवताना आधी दोन्हींचे एनएफसी रूप करा आणि मगच तुलना करा. उघडताना मात्र डिरेक्टरी वाचून मिळालेले बाइट जसेच्या तसे द्या, सुधारलेले नाव देऊ नका.

एक गोष्ट थोडक्यात : विंडोजवर फाइल एक्सेलमध्ये उघडी असेल तर तुमच्या प्रोग्रामला ती बहुधा लिहिण्यासाठी मिळणार नाही, लिनक्सवर सहसा मिळते. ‘एफओपन’ने शून्य परत दिले की ‘एररनो’ तपासा आणि त्या फाइलचे नाव पडद्यावर दाखवून थांबा. ती गाळून पुढे गेलात तर यादी पूर्ण दिसेल, पण पूर्ण नसेल.

सराव : ‘दुसऱ्या गटाचा ऊस’ या नावाची फाइल ‘ऱ’च्या तिन्ही रूपांत लिनक्सवर तयार करा, प्रत्येक नावाचे बाइट मोजा, आणि मग तिन्ही एका पेनड्राइव्हवर घेऊन विंडोजवर तुमच्या प्रोग्रामने उघडून पाहा.