फॉरमॅट मारण्याआधी : लिनक्सच्या बिघाडांविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

शास्त्री आणि सोनवी या नद्यांच्या संगमावरच्या संगमेश्वरात पावसाळा लागला, की लाइट जाणं-येणं अंगवळणी पडतं. वाऱ्याने फांदी तारेवर येते, बाजारपेठेतली दुकानं अंधारतात आणि झेरॉक्सच्या दुकानातला संगणक चालू कामातच बंद पडतो. लाइट आल्यावर बटण दाबावं, तर नेहमीच्या चित्राऐवजी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी. ‘फॉरमॅट मारा’ हा सल्ला अशा वेळी हमखास मिळतो. लिनक्सच्या बाबतीत तो बहुतेक वेळा अनावश्यक असतो आणि कधीकधी वर्षानुवर्षांच्या फाइलींवर पाणी सोडायला लावतो.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे घरांतल्या, शाळांतल्या आणि छोट्या दुकानांतल्या जुन्या पण धडधाकट संगणकांसाठी उबुंटू किंवा लिनक्स मिंट हा पर्याय पुढे आला. त्याबरोबर काही गैरसमजही आले.

गैरसमज : काळा पडदा आला, म्हणजे लिनक्स उडालं.

वस्तुस्थिती : त्या ओळींतच बहुधा बिघाडाचं नाव लिहिलेलं असतं. संगणक ‘इनिटरामएफएस’ या खुणेपाशी अडकला, तर डिस्कवरचा मुख्य विभाग त्याला जोडता आलेला नाही. लाइट अचानक गेल्यानंतर असं झालं, तर फाइलींच्या मांडणीतली चूक हे नेहमीचं कारण. वरच्या एखाद्या ओळीत ‘एफएससीके’ ही तपासणी हाताने चालवा, अशी सूचना असते आणि विभागाचं नावही दिलेलं असतं. ते नाव जसंच्या तसं लिहून तपासणी चालवायची, दुरुस्तीला होकार द्यायचा आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. अनेकदा काम इतक्यावरच भागतं.

हे शक्य होतं ते लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘ईएक्सटी४’ या फाइल-व्यवस्थेमुळे. दुकानदार खतावणीत मांडण्याआधी व्यवहार कीर्दीत टिपतो, तशी ही व्यवस्था मांडणीतला बदल आधी एका नोंदवहीत लिहिते. मध्येच लाइट गेली, तर पुढच्या वेळी त्या नोंदी पाहून अर्धवट राहिलेला बदल पुरा करते किंवा सोडून देते. मात्र ही वही मांडणी वाचवते. टाइप करून सेव्ह न केलेला अर्ज ती परत आणत नाही. आणि लाइट न जाताही हाच बिघाड पुन्हापुन्हा येत असेल, तर डिस्कच थकली असण्याची शक्यता मोठी. तेव्हा दुरुस्तीच्या आधी फाइली दुसरीकडे उतरवून घ्यायला हव्यात.

गैरसमज : अपडेट चालू असताना लाइट गेली, की सगळं पुन्हा टाकावं लागतं.

वस्तुस्थिती : उबुंटू, मिंट आणि डेबियन कोणतं पॅकेज कुठवर बसवून झालं, याची नोंद ठेवतात. पुढच्या वेळी काम अर्धवट राहिल्याचा निरोप येतो आणि त्यातच उपायाचा आदेश दिलेला असतो : ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’. तो चालवला, की राहिलेली मांडणी तिथून पुढे सुरू होते. नव्या कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या नव्या गाभ्यावर, संगणक सुरूच होत नसेल, तर सुरुवातीच्या ग्रब यादीतल्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडता येतो. अपडेट करताना जुना कर्नल मुद्दाम ठेवलेला असतो, तो याचसाठी.

गैरसमज : पासवर्ड बरोबर असूनही पुन्हा लॉगिनचाच पडदा येतो, म्हणजे व्हायरस शिरला.

वस्तुस्थिती : आधी डिस्कवरची जागा पाहावी. डिस्क काठोकाठ भरली, की डेस्कटॉप सुरू होताना लागणाऱ्या छोट्या फाइली लिहिता येत नाहीत आणि वापरणारा पुन्हा दाराशी येतो. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या कळा एकत्र दाबल्या, की अक्षरांचा साधा पडदा उघडतो. तिथे लॉगिन करून ‘डीएफ -एच’ लिहिलं, की कोणता विभाग किती भरला ते टक्क्यांत दिसतं. ‘सुडो ॲप्ट क्लीन’ने उतरवून ठेवलेली पॅकेजं जातात आणि ‘सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ने नको असलेले जुने कर्नल.

व्हायरसची भीती इथे गैरलागू असली, तरी ‘लिनक्सला काहीच होत नाही’ हा समजही खोटा आहे. मार्च २०२४मध्ये ‘एक्सझेड’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनात मुद्दाम ठेवलेलं चोरदार सापडलं. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा पिच्छा पुरवताना आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला ते दिसलं. बहुतेक स्थिर आवृत्त्यांत ते पोहोचण्याआधीच पकडलं गेलं.

गैरसमज : घड्याळ साडेपाच तास चुकतं, म्हणजे मदरबोर्डचा सेल संपला.

वस्तुस्थिती : नेमके साडेपाच तास, हीच कारणाची खूण. भारतीय वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या ५ तास ३० मिनिटं पुढे आहे. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज स्थानिक. एकाच संगणकावर दोन्ही असतील, तर सकाळी साडेदहाला लिनक्स बंद करून विंडोज सुरू केल्यावर घड्याळात पाच वाजलेले दिसू शकतात. ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ हा आदेश लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला लावतो आणि दोघांचा मेळ बसतो.

सेल खरोखर संपला असेल, तर तारीखच कित्येक वर्षं मागे जाते. मग बँकेची किंवा सरकारी संकेतस्थळं ‘असुरक्षित’ म्हणून अडतात, कारण चुकलेल्या तारखेमुळे त्यांची प्रमाणपत्रं अजून लागूच झालेली नाहीत, असं ब्राउझरला वाटतं. दोष ब्राउझरवर येतो. उपाय असतो सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल.

गैरसमज : लिनक्सवर मराठी नीट दिसत नाही.

वस्तुस्थिती : युनिकोडमधलं मराठी लिनक्सवर उत्तम दिसतं, लोहित आणि नोटो हे देवनागरी फॉन्ट मोफत मिळतात. घोळ होतो तो जुन्या फाइलींचा. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये फाइलीत साठवलेली असतात ती रोमन अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट त्यांना फक्त देवनागरी रूप देतो. तो फॉन्ट नसलेल्या विंडोजवरही तीच फाइल अगम्य दिसते. अशा मजकुराचं परिवर्तकाने युनिकोड करून घेणं हाच टिकाऊ उपाय. मंगल फॉन्टमधली फाइल मात्र लिनक्सवर वाचता येते. मंगल मायक्रोसॉफ्टचा असल्याने दुसरा फॉन्ट लागतो आणि पानं थोडी सरकतात, एवढंच.

टाइप करतानाचीही एक तक्रार ऐकू येते : ‘दऱ्या’ लिहायला गेलं, की ‘दर्या’ होतं. सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना दऱ्या आणि दर्या यांतला फरक सांगायला नको. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह ‘जे’ची कळ दाबली, की ‘ऱ’ येतो; त्यापुढे हलन्त आणि ‘य’ दिला, की ‘ऱ्य’ उमटतो.

गैरसमज : लिनक्सवर प्रिंटर चालत नाहीत.

वस्तुस्थिती : लिनक्सवर छपाई सांभाळणारी ‘कप्स’ ही व्यवस्था मॅकवरही आहे आणि अनेक नवे प्रिंटर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात. काही जुन्यांना मात्र एक पायरी जास्त लागते. आपल्याकडे दुकानोदुकानी दिसणाऱ्या एचपी लेझरजेट १०२०ला प्रत्येक वेळी चालू केल्यावर संगणकाकडून त्याचं फर्मवेअर मिळावं लागतं. लिनक्सवर त्यासाठी ‘एचपीएलआयपी’ ही प्रणाली आणि तिचं प्लगइन बसवावं लागतं. ते नसेल, तर काम रांगेत जातं आणि कागद हलत नाही. लाइट गेल्यावर प्रिंटर ‘थांबवलेला’ दिसत असेल, तर सेटिंगमध्ये तो पुन्हा सुरू करावा.

गैरसमज : कितीही जुना संगणक लिनक्सने वेगवान होतो.

वस्तुस्थिती : लिनक्स स्वतः कमी मेमरीत चालतं, पण ब्राउझर विंडोजवर खातो तितकीच मेमरी इथेही खातो. फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी बसवल्याचा फरक लगेच जाणवतो. ३२-बिटच्या फार जुन्या संगणकांना तर डेबियन १३पासून नव्याने बसवण्याची सोयही उरलेली नाही.

ज्यांना हे सगळं मराठीत ऐकत शिकायचं आहे, त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्स आणि लिब्रेऑफिसवरचे मराठी धडे मोफत आहेत. आणि संगणक सुरूच होत नसेल, तेव्हा दुसऱ्या संगणकावर लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह तयार करावा. तो लावून सुरू केलं आणि ‘ट्राय’ हा पर्याय निवडला, की आतल्या डिस्कला हात न लावता डेस्कटॉप उघडतो. डिस्क शाबूत असेल, तर लग्नाचे फोटो, दाखल्यांच्या प्रती आणि दुकानाचे हिशोब तिथून बाहेरच्या डिस्कवर उतरवता येतात. पडद्यावरच्या त्या पांढऱ्या ओळींचा फोटोही मोबाइलवर काढून ठेवावा. दुरुस्ती करणाऱ्याला पहिल्यांदा तोच लागतो.