दुखणं जुनं, कामं रोजची: मेळ कसा घालायचा?

३ महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर जुनाट वेदना म्हणतात. आपल्या घरांत काय होतं? अम्मीचे गुडघे जरा बरे वाटले की ती एकाच दिवशी धुणं, साफसफाई, रोट्या सगळं उरकते. मग २ दिवस अंथरुणावर. पडून राहिल्याने स्नायू कमजोर होतात, दुखणं आणखी वाढतं.

म्हणून काम कळ आल्यावर नाही, घड्याळ बघून थांबवावं. २० मिनिटं उभं राहिल्यावर गुडघे दुखत असतील, तर १५ मिनिटांनीच बसावं. बऱ्या दिवशीही तेवढंच. ते जमू लागलं की एक-दोन मिनिटं वाढवावीत. कणीक बसून मळावी.

आणि "आज तर बरं दिसतंय" म्हणत आपण तिची कामं वाढवू नयेत. अम्मी बसली की तवा आपण सांभाळावा.