चार चाकांची ओढ आणि अवजड वाहन : एक यांत्रिक विवेचन

पुण्याच्या उत्तरेस इंद्रायणीकाठी वसलेल्या आळंदीच्या रस्त्यांवर दोन अत्यंत भिन्न प्रकारची वाहतूक एकत्र येते. ज्येष्ठ वद्य अष्टमीस पालखीचे प्रस्थान होते, कार्तिक वद्य त्रयोदशीस समाधि-सोहळा असतो. या दोन्ही प्रसंगी हे रस्ते पायी चालणाऱ्या वारकऱ्यांनी भरून जातात. एरवी याच रस्त्यांवरून चाकण, भोसरी आणि पिंपरी-चिंचवड येथील कारखान्यांचा माल वाहणाऱ्या मालमोटारी जात-येत असतात. अशी एखादी भरलेली मालमोटार रस्त्यात बंद पडली, की ती चटकन बाजूस घेणे अगत्याचे होते. जवळ एखादी जीपसारखी, चारही चाकांना चालना असलेली लहान मोटार असेल, तर दोर बांधून तिनेच हे काम उरकावे, असा विचार साहजिकच मनात येतो. हा विचार यंत्रशास्त्राच्या दृष्टीने कितपत ग्राह्य आहे, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ‘ही मोटार ते वाहन ओढू शकेल काय?’ हा दिसावयास एक प्रश्न असला, तरी वस्तुतः त्यात तीन प्रश्न दडलेले आहेत. सपाटीवर ते वाहन हलेल काय, हा पहिला. चढावर ते नेता येईल काय, हा दुसरा. आणि एकदा गतिमान झालेले ते वाहन थांबविता येईल काय, हा तिसरा. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकसारखी नाहीत आणि त्यांची गल्लत झाल्यानेच या विषयात अनेक भ्रम निर्माण झालेले आहेत.

विवेचनाच्या सोयीसाठी काही आकडे गृहीत धरू. ओढावयाच्या मालमोटारीचे वजन मालासह १६ टन मानू. ओढणारी मोटार मारुति-सुझुकीच्या जिम्नीच्या वर्गातील मानू. भारतात १९८५ साली आलेल्या जिप्सीच्याच कुळातील ही गाडी येथील बाजारात २०२३ साली दाखल झाली. तिचे स्वतःचे वजन सुमारे १,२०० किलोग्रॅम आहे. चालक व किरकोळ सामान धरून ते १.३ टन होते. म्हणजे दोन्ही वाहनांचे एकत्र वजन १७.३ टन झाले.

सपाट व चांगल्या डांबरी रस्त्यावर चाके लोळताना जो रोध होतो, तो स्थूल मानाने वजनाच्या शेकडा एक इतका असतो. १७.३ टनांस तो १७३ किलोग्रॅम-भार होतो. प्रथम हालचालीच्या क्षणी तो काहीसा अधिक असतो, हे खरे; तरीही एवढे वजन चालते ठेवण्यास इतकी अल्प ओढ पुरावी, याचे प्रथमदर्शनी नवल वाटते. परंतु चाकाचे सारे माहात्म्य यातच साठविलेले आहे.

आता या लहान मोटारीपाशी किती ओढ आहे ते पाहू. तिच्या एंजिनाचा कमाल टॉर्क सुमारे १३४ न्यूटन-मीटर आहे. मंदगतीची दंतचक्रे जोडून पहिला गिअर घातला असता तो चाकांपाशी पोहोचेपर्यंत सुमारे ३६ पट होतो. मधल्या यंत्रणेतील घर्षणाचा व्यय वजा केला, तरी चाकांच्या परिघावर १,२०० किलोग्रॅम-भारापेक्षा अधिक ओढ मिळू शकते. अर्थात एंजिन दुबळे आहे, ही सामान्य समजूत निराधार ठरते. मात्र ही ओढ रस्त्यावर उतरविण्यास चाकांची पकड हवी, आणि त्या पकडीची मर्यादा वाहनाच्या वजनाने ठरते. कोरड्या डांबरावर पकडीचा गुणांक ०.७, ओल्या डांबरावर ०.५ व चिखलात ०.३ मानल्यास १.३ टनांच्या या मोटारीस अनुक्रमे ९१०, ६५० व ३९० किलोग्रॅम-भार इतकीच ओढ लाभते. त्याहून अधिक जोर लावला, तर चाके जागीच फिरू लागतात.

चारही चाकांना चालना असण्याचे इंगित येथेच आहे. दोनच चाके चालविणाऱ्या मोटारीत ओढीच्या कामी साधारणतः निम्मे वजन उपयोगी पडते. चारही चाके चालविली की सारे वजन कारणी लागते. म्हणजे या रचनेने शक्ति वाढत नाही, उपलब्ध वजनाचा उपयोग मात्र दुप्पट होतो.

सपाटीकडून चढाकडे वळताच हिशेब पालटतो. ५० स १ या सौम्य चढावर एकूण वजनाचा पन्नासावा भाग, म्हणजे ३४६ किलोग्रॅम-भार, आणखी ओढावा लागतो; पूर्वीच्या रोधासह तो ५१९ होतो. कोरड्या रस्त्यावर दोन चाकांची मोटार (ओढ सुमारे ४५५) येथे हरते, चार चाकांची जिंकते. परंतु चढ २० स १ झाला, की एकूण गरज १,०३८ किलोग्रॅम-भारावर जाते आणि चार चाकांची मोटारही निरुपाय होते. चिखलाचा प्रकार तर याहून बिकट आहे. मऊ जमिनीत लोळण्याचा रोध शेकडा पाचपर्यंत सहज जातो, म्हणजे सपाटीवरही ८६५ किलोग्रॅम-भार लागतात. आणि त्याच जागी मोटारीची पकड ३९० वर उतरलेली असते. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेस रुतलेली मालमोटार लहान जीपने निघत नाही, याचे कारण हेच होय.

चढाचा हा परिणाम वारीच्या वाटेवर दरवर्षी पाहावयास मिळतो. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून सासवडकडे जाताना दिवे घाट चढते, तेव्हा रथास जादा बैलजोड्या जुंपतात. बैल आपल्या वजनाच्या सुमारे दशांश इतकी ओढ दीर्घकाळ देऊ शकतो असे मानले, तर प्रत्येकी ४०० किलोग्रॅमच्या जोडीची ओढ ८० किलोग्रॅम-भार होते. लोळण्याचा रोध शेकडा दोन असेल, तर सपाटीवर ती चार टन ओढील; २० स १ या चढावर मात्र तीच जोडी जेमतेम सव्वा टनाच्या आत येते. बोरघाटातील ३७ स १ या चढासाठी कर्जतला गाडीच्या मागे जादा एंजिने लावतात, तीही याच नियमानुसार. आणि २००६ साली इंग्लंडमधील डन्सफोल्ड येथे फोक्सवॅगनच्या टुआरेग मोटारीने सुमारे १५५ टनांचे बोइंग ७४७ विमान ओढून दाखविले, तेव्हा त्या मोटारीत पोलादी भार भरून तिचे वजन सात टनांच्या आसपास नेले होते. विमान सपाट धावपट्टीवर होते आणि वेग पायी चालण्यापेक्षा फार अधिक नव्हता. त्या प्रयोगाने पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. दुसरा व तिसरा प्रश्न तेथे उद्भवलाच नाही.

तिसरा प्रश्न हाच सर्वांत महत्त्वाचा आहे. मालमोटारीचे ब्रेक निकामी आहेत आणि ती ताठ दांड्याने लहान मोटारीस जोडलेली आहे, असे समजू. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी लहान मोटार एकटी असेल, तर कोरड्या सपाट रस्त्यावर ब्रेक लावल्यापासून सुमारे सव्वादोन मीटरांत थांबते. मागे १६ टन असताना तिच्या चाकांची ९१० किलोग्रॅम-भार पकड आणि मालमोटारीचा १६० किलोग्रॅम-भार रोध एवढेच काय ते साहाय्य राहते, आणि थांबण्याचे अंतर सुमारे २५ मीटरांवर जाते. २० स १ या उतारावर गुरुत्वाकर्षणच ८६५ किलोग्रॅम-भाराने पुढे लोटते; तेथे हे अंतर १३० मीटरांहून अधिक होते. पाऊस पडून पकड ६५० वर आली, तर रोखणारे बल ८१० व लोटणारे ८६५ असा व्यस्त मेळ होतो. म्हणजे ब्रेक पूर्ण दाबलेला असतानाही वेग वाढतच जातो. चालकास विचार करण्यास लागणारा वेळ या हिशेबात धरलेलाही नाही. चारही चाकांना चालना असल्याचा येथे काडीचाही उपयोग नाही. कारण ब्रेक तर प्रत्येक मोटारीस चारही चाकांवर असतातच.

दांड्याऐवजी दोर असेल, तर मालमोटार सरळ पुढच्या मोटारीवर येऊन आदळते. यास्तव ओढल्या जाणाऱ्या वाहनात ब्रेक सांभाळणारा चालक हवा. रस्त्यावरील वाहतुकीच्या १९८९ च्या नियमांतही, पुढची चाके क्रेनने उचललेली नसल्यास, त्या जागी परवानाधारक व्यक्ति बसलेली असावी अशी अट घातलेली होती. परंतु एंजिन बंद पडलेल्या आधुनिक मालमोटारीत केवळ चालक बसवून भागत नाही. तिचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. हवा संपली की स्प्रिंगच्या जोरावर चाके आवळली जातात आणि मालमोटार जागची हलत नाही. ती हलविण्यासाठी स्प्रिंग हाताने सैल केली, तर वाहन लोळू लागते, पण त्याचबरोबर ते ब्रेकहीनही होते. सुकाणूस मिळणारे यांत्रिक साहाय्य बंद पडलेले असते, ते वेगळेच.

मोटार बनविणाऱ्यांनी हा भेद पूर्वीच ओळखलेला आहे. ऑस्ट्रेलियात तीन दारांच्या जिम्नीस ओढण्याची जी मर्यादा घालून दिलेली आहे, ती ब्रेक असलेल्या अनुयानासाठी १,३०० किलोग्रॅम व ब्रेक नसलेल्यासाठी ३५० किलोग्रॅम अशी आहे. मोटार तीच, एंजिन तेच, चालनाही तीच. केवळ मागील वाहनास ब्रेक नाहीत एवढ्यावरून मर्यादा चौथ्या हिश्शाच्या जवळपास उतरते.

सारांश, कोरड्या व सपाट रस्त्यावर, मालमोटारीचे ब्रेक शाबूत असताना व आत जाणता चालक असताना, अशी लहान मोटार तिला काही मीटर सरकवून वाट मोकळी करू शकेल. तसे करण्यातही क्लचची झीज व दोर तुटण्याचा धोका आहेच. चढ, उतार, चिखल वा ओला रस्ता यांपैकी काहीही असेल, तर जड क्रेनची वाट पाहणे हाच मार्ग होय. तोवर बंद वाहनाच्या चाकांना उटी लावून मागेपुढे इशारा ठेवणे हे जीपने दोर ताणण्यापेक्षा अधिक उपयुक्त कार्य आहे. विशेषतः ज्या रस्त्यावर दिंड्या चालत असतात, तेथे वाहन किती ओढता येईल हे मोजण्यापूर्वी ते किती अंतरात थांबेल हे मोजले पाहिजे.