अल्पवयीनांच्या नावातील बदल : विधिक प्रक्रिया

नाव हे व्यक्तीच्या विधिक ओळखीचे प्रथम साधन होय. जन्माची नोंद खापा नगरपरिषदेत झालेली असो वा परिसरातील ग्रामपंचायतीत, तिला जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ लागू होतो. कलम १४ अन्वये नावाविना नोंदलेल्या बालकाचे नाव नंतर दाखल करता येते. नोंदलेले नाव बदलणे ही मात्र निराळी बाब आहे. त्यासाठी १८ वर्षांखालील मुलाच्या वतीने पालक महाराष्ट्र शासन राजपत्रात सूचना प्रसिद्ध करतात. तथापि, त्यामुळे शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नाव आपोआप बदलत नाही. मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता घ्यावी लागते. शाळा सोडल्यानंतर अशी दुरुस्ती कठीण होते. सारांश, पाल्याची इच्छा जाणून घेऊन दहावीपूर्वीच ही प्रक्रिया पूर्ण करणे हितावह ठरते.