दोन इंच खाली

दुपारी ३.३०

वाडीतलं यार्ड अमरावती रोडपासून थोडं आत, गोदामांच्या रांगेमागे आहे. मे महिना. पारा ४४ वर. उस्ताद येतो तो हातात लाकडी दांडका घेऊनच. गाडीभोवती चक्कर मारत प्रत्येक टायरवर एक ठोका घालतो. आवाज टणक आला की पुढचा टायर. वय ५१. डोक्याला ओला गमछा, पायात टायरच्या रबराची चप्पल.

आज रात्री एक पोकलेन धरमपेठेत पोचवायचं आहे. झेंडा चौकाच्या मागच्या एका गल्लीत जुना बंगला पाडलाय. तिथे तळघराचं खोदकाम उद्या सुरू होणार. मशीन चौदा टनांचं. अंतर सात-आठ किलोमीटर. दिवसा अशा गाडीला शहरात मनाई, म्हणून रात्र.

४.००

उस्तादचा नेहमीचा घोडा क्लचच्या कामासाठी गॅरेजात आहे. घोडा म्हणजे पुढचं इंजिन नि केबिन. मागचा ट्रेलर वेगळा, त्याला ओढायला घोडा लागतो. सेठनं आजच्यापुरता दुसरा दिलाय. उस्ताद त्याला मागून बघतो, मग बसून बघतो, मग टेप मागतो.

घोड्याच्या पाठीवर, मागच्या चाकांच्या वर, जाड लोखंडाची तबकडी असते. तिला मागून फट, फटीच्या तळाशी जबडा. हे फिफ्थ व्हील. ट्रेलरच्या पुढच्या उंच मानेखाली दोन इंच जाडीची किंग पिन. पिन फटीत शिरते, जबडा मिटतो, आणि पुढचे शेकडो किलोमीटर सगळं ओझं त्या एका खुंटीमागून चालतं. १९१४ साली डेट्रॉइटच्या ऑगस्ट फ्रुहॉफ नावाच्या लोहारानं एका लाकूडव्यापाऱ्याची होडी मोटारीमागे नेण्यासाठी सेमी-ट्रेलर बनवला होता. पुढचं टोक गाडीच्या पाठीवर टेकवायचं, मागे फक्त चाकं द्यायची. कल्पना अजून तीच आहे.

जमिनीपासून तबकडीपर्यंत टेप. आकडा ४८ इंच.

"माह्या घोड्याचे पन्नास भरते," उस्ताद म्हणतो. "पाटे बसले याचे."

पाटे म्हणजे स्प्रिंगा. वर्षानुवर्षं ओझं वाहून त्यांची कमान सपाट झालीय. दोन इंच. हायवेवर साध्या ट्रेलरला याचं फारसं काही वाटत नाही. पण आजचा ट्रेलर लोबेड आहे.

४.३०

लोबेडचं कारण सरळ आहे. साध्या ट्रेलरचा हौदा जमिनीपासून दीड मीटरवर असतो. पोकलेन हात दुमडून २.८ मीटर. दोन्ही मिळून ४.३. गल्लीतल्या केबल नि कडुलिंबाच्या फांद्या एवढी उंची सोडत नाहीत. लोबेडचा मधला हौदा मात्र दोन फुटांवर. त्यावर तेच मशीन ३.४ मीटरमध्ये बसतं.

वर जे मिळवलं ते खाली द्यावं लागतं. हौद्याखालच्या लोखंडी तुळया चौदा इंचांच्या. उरतात दहा इंच. एक वीत आणि वर बोटभर. एवढीच फट घेऊन गाडी शहरात शिरणार. आता तबकडी दोन इंच खाली, म्हणजे मान दोन इंच खाली, आणि मानेमागे हौदा जिथे सुरू होतो तिथे पोट साधारण दीड इंच खाली.

उस्ताद सेठला फोन लावतो. पाटा टाकून द्या म्हणतो. पलीकडून काय उत्तर आलं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. "आजचा दिवस काढ म्हंते."

५.१५

जोडणी. पोट्टा, म्हणजे क्लीनर, बावीस वर्षांचा, भंडाऱ्याकडचा. त्याच्याकडे ग्रीसचा डबा आणि पत्र्याचा तुकडा. तबकडी उन्हात तापलीय, हात टेकवत नाही. जुनं काळं ग्रीस खरवडून काढायचं, कारण त्यात वाळू असते, आणि वाळू पिन खाते. नवी पिन ५०.८ मिलिमीटरची. घासून ४९ वर आली की बदलायची. मिस्त्री कॅलिपर लावून बघतो. चालेल.

मग ट्रेलरची उंची. घोडा सुटा असताना ट्रेलर पुढच्या दोन पायांवर उभा असतो. हँडल फिरवून पाय खालीवर होतात. मानेची प्लेट तबकडीपेक्षा किंचित खाली हवी, म्हणजे घोडा मागे सरकताना तिला उचलत आत शिरतो. प्लेट फार खाली राहिली तर घोड्याची चासी मानेवर आदळते. वर राहिली तर आणखी वाईट. पिन जबड्यात न जाता तबकडीवरून पुढे सरकते आणि थेट केबिनच्या पाठीवर येते. गेल्या खेपेला पन्नास इंचांच्या घोड्यासाठी लावलेली उंची आज चालणार नाही. पोट्टा हँडल फिरवतो. वजन पेलताना हलक्या गिअरात फिरवावं लागतं, भरपूर फेऱ्या नि जेमतेम बोटभर उतार. त्याचा शर्ट पाठीला चिकटलाय.

"मांगं येऊ द्या... येऊ द्या... जराशिक... बस!"

खट्‌. जबडा मिटल्याचा आवाज उस्तादला पुरत नाही. तो टॉर्च घेऊन खाली शिरतो, पिनमागे जबडा पूर्ण बंद झालाय का ते डोळ्यांनी बघतो. मग वर जाऊन ट्रेलरचे ब्रेक तसेच ठेवून घोडा पुढे खेचतो. सुटला नाही. आता हवेचे दोन पाइप, दिव्यांची वायर, आणि पाय वर.

मला वाटलं झालं. उस्ताद मात्र घोड्याच्या मागच्या टायरवर हात ठेवून वर बघत उभा. टायर आणि मान यांच्यामध्ये त्याच्या हिशेबानं वीतभर जागा हवी. पाटे बसले की टायर मानेच्या जवळ येतो. आज सात इंच आहेत, आणि अजून ओझं चढायचंय. खड्ड्यात घोड्याचं शेपूट वर उचललं गेलं तर टायर घासणार. पोट्टा मागच्या मडगार्डचे बोल्ट खोलतो. मडगार्ड केबिनमागे बांधून ठेवतात. दीड इंच मोकळा झाला.

७.४५

अंधार पडल्यावर मशीन चढवतात. ऑपरेटर वेगळा माणूस. ट्रॅकवर चालत पोकलेन रॅम्पवरून वर येतं, मागच्या चाकांवरून जातं, मधल्या खोलगट हौद्यात उतरतं. ट्रेलर कण्हतो.

उस्ताद दोन्ही हात वर करून थांबवतो. "एक फूट मांगं घे."

ऑपरेटर कंटाळतो, पण घेतो. हे एक फूट उस्तादनं दुपारपासून डोक्यात ठेवलंय. मशीन पुढे उभं केलं तर मानेवर जास्त ओझं, पाटे आणखी दबणार, पोट आणखी खाली. फार मागे नेलं तर घोड्याच्या चाकांवरचं ओझं कमी होऊन चढावर ती फिरतील. एक फूट त्याला बरोबर वाटतं. पोट्टा पुन्हा टेप लावतो. पोटाखाली साडेसात इंच.

चार कोपऱ्यांना साखळ्या. लीव्हरवर दोघं लोंबकळतात. ऑपरेटर मशीनचा हात खाली टेकवून दुमडतो, बकेटच्या दातांना लाल फडकं बांधतो.

९.००

यार्डाबाहेरच्या टपरीवर जेवण. पोळी, वांग्याची भाजी, कांदा. माणशी ७० रुपये. उस्तादला महिन्याला २४ हजार, रात्रीचा भत्ता ५००. पोट्ट्याला १२ हजार आणि २५०. जेवण भत्त्यातून. पोट्टा भाजी दुसऱ्यांदा घेत नाही, चहा मात्र घेतो. १० रुपये.

उस्तादचे दोन पोरगे. मोठा हिंगण्याला एमआयडीसीत लागलाय. "त्याले गाडीवर येऊ देल्लं नाही," तो म्हणतो, आणि लगेच उठून पुन्हा साखळ्या बघायला जातो.

११.२०

निघालो. वेग पंधरा-वीसचा. केबिनमध्ये इंजिनाची धग, खिडकीतून गरम वारा. डिझेल लिटरला ९० च्या वर, सेठनं मोजून भरून दिलंय. रविनगर चौक मागे पडतो. लॉ कॉलेज चौकात उजवीकडे वळायचं, वेस्ट हायकोर्ट रोडला लागायचं.

मी विचारतो, उत्तर अंबाझरी रोडनं का नाही? तिथे वर मेट्रो आहे, २०२० पासून धावतेय. पुलाखाली अडेल का?

"मेट्रो कायले अडते? मस्त उंच हाय ते. वळण अडते." पुलांसाठी शहरात खालची उंची साडेपाच मीटर ठरलेली असते, त्यात हे मशीन आरामात जातं. पण खांब रस्त्याच्या मधोमध. एवढा लांब ट्रेलर वळताना मागची चाकं घोड्याच्या मागोमाग येत नाहीत, आतला कोपरा कापत येतात. खांबापाशी तेवढा कोपरा मिळत नाही.

लॉ कॉलेज चौकात पोट्टा उतरून हात दाखवतो. तीन दुचाक्या थांबतात. एक थांबत नाही.

रात्री १२.१०

लक्ष्मीभुवन चौक. दुकानांची शटर खाली, आइस्क्रीमवाल्यापुढे अजून चार पोरं. दिवसा इथे स्कूटर लावायला जागा मिळत नाही. आता अख्खा रस्ता आमचा. उस्ताद मधूनच चालवतो, कारण कडेला झाडं आहेत.

१२.३५

गल्लीच्या तोंडाशी स्पीडब्रेकर. उस्ताद गाडी बंद करतो. खाली उतरतो. टेप.

नियमानं ब्रेकर दहा सेंटिमीटर उंच नि ३.७ मीटर रुंद असावा. म्हणजे चार इंच, पसरट. हा सात इंच आहे आणि जेमतेम दोन फूट रुंद. कोणीतरी मुलांच्या काळजीनं घालून घेतलेला असणार. साडेसातमधून सात गेले, उरला अर्धा. पाटे जरा दबले की तोही संपला.

लोबेडच्या बाजूच्या खणातून फळ्या निघतात. जुन्या सालाच्या, चार फूट लांब, दोन इंच जाड. बारा नग. एकेक फळी बारा-चौदा किलोची. आता काय करायचं ते पोट्ट्याला न सांगता माहीत आहे. फळ्या ब्रेकरच्या अलीकडे नाही, पलीकडे मांडायच्या. घोडा ब्रेकर ओलांडून जातो, त्याची मागची चाकं फळ्यांवर चढतात, आणि ती फळ्यांवर असतानाच मागे पोटाचा पुढचा भाग ब्रेकरवर येतो. जेवढी चाकं वर तेवढी मान वर. पाट्यांनी खाल्लेले दोन इंच फळ्या परत देतात. पोट मागे सरकेल तसा धोका ट्रेलरच्या चाकांकडे जातो. मग त्याच फळ्या उचलून मागे आणायच्या, ब्रेकरच्या अलीकडे, ट्रेलरच्या चाकांपुढे.

मी एक फळी उचलायला जातो. पोट्टा घेऊ देत नाही. "बोटं जातीन जी."

घोडा चढतो. उस्ताद क्लचवर पाय ठेवून इंचाइंचानं घेतो. पोट्टा जमिनीवर आडवा, गाल डांबराला, टॉर्च पोटाखाली.

"किती राह्यलं?"

"दोन बोटं!"

"बोल नं, बोलत राह्य!"

"दोन बोटं... दोन... दीड... हाय, हाय, येऊ द्या..."

टायरमधून रबराचा वास येतो. उस्ताद थांबतो, उतरतो, मानेखाली हात घालतो. टायर लागलेला नाही, फळीवर घासलाय. पुन्हा चढतो. पाऊण तासात गाडी ब्रेकरपलीकडे. पोट्ट्यानं एवढ्यात बारा फळ्या तीनदा हलवल्यात. तो रस्त्यावर बसून बाटलीभर पाणी पितो, उरलेलं डोक्यावर ओततो.

१.३०

गल्ली. आता वरचं काम. रस्त्यावरून जाणारी विजेची तार नियमानं ५.८ मीटरवर हवी. ती आहे. तिला कोणी हात लावत नाही. खाली लोंबतात त्या टीव्हीच्या नि इंटरनेटच्या केबल. एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर, कोणी विचारल्याशिवाय. पोट्टा मशीनवर चढतो. हातात वाळका बांबू, टोकाला आडवी काठी बांधलेली. केबल उचलायची, गाडी पुढे, केबल मागे सोडायची. एकही तुटता कामा नये. तुटली तर सकाळी सेठला फोन, आणि पैसे भत्त्यातून.

एका बंगल्याच्या वरच्या खिडकीत दिवा लागतो. आजोबा बाहेर बघतात. "कोणाकडे आलं हो हे?" उस्ताद प्लॉट नंबर सांगतो. आजोबा खिडकीतच उभे राहतात, मशीन पुढे जाईपर्यंत.

२.१५

प्लॉटवर चौकीदार गेटाचे पत्रे बाजूला करतो. जुन्या बंगल्याची फरशी अजून तशीच, मधे तुळशीवृंदावनाचा चौथरा. रॅम्प पाडतात. ऑपरेटर मोटारसायकलनं मागोमाग आलाय, झोपेत. पोकलेन उतरतं. ओझं उतरल्याबरोबर घोडा हळूच वर येतो. उस्ताद लगेच टेप लावतो. कोणी सांगितलं नव्हतं. पोटाखाली साडेआठ.

चौकीदार चहा करतो. पैसे घेत नाही.

३.४०

परतीला तोच ब्रेकर. रिकामी गाडी, तरी उस्ताद थांबतो. पोट्टा टॉर्च मारतो. दीड इंच राहतात. फळ्या लागत नाहीत.

पहाटे ४.५०

वाडी. मडगार्डचे बोल्ट परत. साखळ्या मोजून खणात. बारा फळ्या. एकीला उभी चीर गेलीय.

सकाळी ६.१०

तर्री-पोहे, ३० रुपये प्लेट. उस्तादचा फोन वाजतो. सेठचा. आज दुपारी चारला हिंगण्याहून रोलर उचलायचा, शंकरनगरला पोचवायचा. हाच घोडा.

"पाट्याचं काय?" उस्ताद विचारतो. थोडा वेळ ऐकतो. "बरं," म्हणतो, आणि फोन खिशात टाकतो.

मग पोट्ट्याकडे वळून सांगतो, झोपून उठला की आरा मशीनवर जा, चार फळ्या जास्तीच्या आण. सालाच्याच. पावती घे, नाही तर सेठ पैसे देत नाही.