जुनी बोट, नवी यंत्रे : शिडाच्या नौकेचे दिशाज्ञान बदलताना

जोतिबाच्या डोंगरावरून समुद्र दिसत नाही. तरीही गेली काही वर्षे येथे राहून मी शिडाच्या बोटींवरील दिशादर्शक यंत्रांचा अभ्यास करतो आहे. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करताना वायरींची गोडी लागली आणि तिने मला कोकण-गोव्याच्या धक्क्यांपर्यंत नेले. या विषयाची पदवी माझ्याकडे नाही. मल्टिमीटर, यंत्रांची माहितीपुस्तके आणि बोटवाल्यांशी झालेल्या गप्पा एवढीच माझी शाळा. या साऱ्यात एक प्रश्न वारंवार समोर आला. बोट पंचवीस-तीस वर्षांची आहे. तिचे अंग, डोलकाठी, सुकाणू ठणठणीत आहेत. यंत्रे मात्र जुनाट झाली आहेत. मग काय बदलायचे, काय ठेवायचे आणि कोणत्या क्रमाने? प्रश्न हौशी लोकांचा वाटतो, पण त्याच्या उत्तरावर माणूस किनाऱ्याला परत येणे अवलंबून असते.

गोव्यातील तीन नौका

या प्रश्नाची उत्तम उदाहरणे आपल्या शेजारीच घडली आहेत. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये 'म्हादेई' ही 56 फुटी नौका तयार झाली आणि 2009 मध्ये नौदलात आली. तिच्यावरून कमांडर दिलीप दोंदे यांनी 19 ऑगस्ट 2009 ते 19 मे 2010 या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. पुढे अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेवरून 2012-13 मध्ये कोठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली. 2017 मध्ये त्याच आराखड्याची 'तारिणी' आली. तिच्यावर रेमरिन कंपनीची यंत्रसामग्री आणि उपग्रह संपर्काची साधने बसवली होती. याच 'तारिणी'वरून दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकारी ऑक्टोबर 2024 मध्ये निघाल्या आणि 29 मे 2025 रोजी गोव्यात परतल्या. वाटेत त्या पॉइंट निमोजवळून गेल्या. तेथून सर्वांत जवळची जमीन सुमारे 2,688 किलोमीटर दूर आहे. अशा ठिकाणी यंत्र बंद पडले तर मेकॅनिकला बोलावता येत नाही.

तिसरी नौका याच्या नेमकी उलट. 'थुरिया' 2017 मध्ये याच शिपयार्डमध्ये बांधली गेली, पण आराखडा होता 1960च्या दशकात मुंबईत बांधलेल्या 32 फुटी 'सुहैली'चा. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 'सुहैली'वरूनच 1968-69 मध्ये जगातली पहिली एकट्याची, विनाथांबा प्रदक्षिणा केली होती. 2018च्या गोल्डन ग्लोब शर्यतीचा नियमच असा होता की, स्पर्धकाने 1968च्या काळातील साधनांवर चालावे. म्हणजे होकायंत्र, सेक्स्टंट आणि कागदी नकाशे. जीपीएस सीलबंद पेटीत, फक्त संकटासाठी. सप्टेंबर 2018 मध्ये दक्षिण हिंदी महासागरातील वादळात 'थुरिया'ची डोलकाठी मोडली आणि अभिलाष टॉमी यांच्या पाठीला गंभीर इजा झाली. उपग्रहावरून पाठवलेल्या संदेशांमुळे त्यांचा ठावठिकाणा कळत राहिला आणि 24 सप्टेंबरला 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले. वाट शोधायला जुनी साधने पुरली. जीव वाचवायला नवीन लागली. या लेखातील पुढची सारी मांडणी या एका वाक्याभोवती आहे.

यंत्र जुने होते म्हणजे काय होते?

यंत्र तीन प्रकारे जुने होते. पहिला प्रकार, ते ज्याच्या भरवशावर चालते तो संदेशच बंद होतो. उपग्रहांच्या आधी किनाऱ्यावरील मनोऱ्यांच्या रेडिओ लहरींवरून जागा काढत. लोरान-सी ही त्यातली प्रसिद्ध पद्धत. गुजरातेत ध्रांगध्रा, वेरावळ आणि बिलिमोरा येथे तिची केंद्रे होती. अमेरिकेने आपली लोरान सेवा 2010 मध्ये बंद केली. त्या काळचा रिसीव्हर आज कितीही चांगला असला तरी त्याला ऐकायला काही उरलेले नाही.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. जीपीएस उपग्रह आठवडे मोजतात, पण जुन्या पद्धतीत हा आकडा 1,023 वर पोचला की पुन्हा शून्यावर येतो. हे ऑगस्ट 1999 मध्ये झाले आणि एप्रिल 2019 मध्ये पुन्हा झाले. जुने यंत्र त्यानंतर साडेएकोणीस वर्षांहून मागची तारीख दाखवू लागते. पुष्कळदा जागा बरोबर असते, तारीख चुकलेली असते. मालक म्हणतो, तारखेचे काय एवढे? पण भरती-ओहोटीचे गणित तारखेवर चालते. उथळ खाडीच्या तोंडावर चुकलेल्या तारखेची भरती बोटीला वाळूवर बसवू शकते.

तिसरा प्रकार भाषेचा. बोटीवरची यंत्रे एकमेकांशी बोलतात. 1983 पासून त्यासाठी एनएमईए 0183 नावाची भाषा रूढ आहे. तिची रीत कीर्तनासारखी : बुवा एकटे बोलणार, बाकीचे ऐकणार. जीपीएस बोलतो, ऑटोपायलट, रेडिओ ऐकतात. वेग सेकंदाला 4,800 बिट, म्हणजे आजच्या मानाने बैलगाडीचा. नंतर आलेल्या एनएमईए 2000 मध्ये एकाच मुख्य तारेवर सगळी यंत्रे जोडतात आणि कोणीही बोलू शकते. वेग 2,50,000 बिट. दोघे एकदम बोलले तर? येथे मला आमची चैत्र यात्रा आठवते. सासनकाठ्यांना मानाचे क्रमांक असतात. ज्याचा क्रमांक आधी ती काठी पुढे, बाकीच्या थांबतात, पण कोणी परत जात नाही. या तारेवर अगदी हेच घडते. प्रत्येक संदेशाला क्रमांक असतो, लहान क्रमांकाचा संदेश पुढे जातो, दुसरा थांबून मागून येतो. मुख्य तारेच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रोधक लागतो. तो विसरला तर सगळ्यांचेच बोलणे अडखळते. जुने आणि नवे यंत्र जोडायला मध्ये दुभाषा पेटी बसवता येते. म्हणून एक पडदा बदलायचा तर सगळी बोट उचकटावी लागते, हा समज खरा नाही.

येथे 'नाविक'चाही उल्लेख हवा. आपल्या या उपग्रह मालिकेचा पहिला उपग्रह 1 जुलै 2013 रोजी गेला. आरंभीचे उपग्रह एल-5 आणि एस पट्ट्यांवर बोलत. साध्या जीपीएस यंत्राला ते ऐकूच येत नसत. 29 मे 2023 रोजी गेलेल्या एनव्हीएस-01 पासून नेहमीचा एल-1 पट्टाही आला. तरी नवे यंत्र घेताना त्यावर 'नाविक' चालते का, हे विचारून घ्यावे.

आधी तारा, मग पडदे

बहुतेक मालक आधी मोठा रंगीत पडदा घेतात. माझ्या मते सुरुवात तारांपासून करावी. याचे गणित सोपे आहे. बॅटरीपासून रेडिओ दहा मीटरवर असेल तर जाणारी आणि येणारी मिळून तार वीस मीटर. दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध होतो सुमारे 0.23 ओहम. 25 वॅटचा व्हीएचएफ रेडिओ बोलताना साधारण 5 अँपिअर घेतो. म्हणजे तारेतच सव्वा व्होल्टच्या आसपास हरवले. बॅटरी आधीच 12 व्होल्टच्या खाली आलेली असेल आणि जोड खाऱ्या हवेने हिरवे पडले असतील, तर रेडिओ बोलायच्या क्षणी मान टाकतो. गंमत अशी की, ऐकताना त्याला फार कमी करंट लागतो, म्हणून तो वर्षभर व्यवस्थित 'चालत' असतो. बिघाड कळतो तो मदत मागताना. म्हणून तार जाड घ्यावी, कथिलाचा मुलामा असलेली घ्यावी, आणि मोजमाप रेडिओ बोलत असताना करावे.

अँटेना डोलकाठीच्या टोकावर हवी. व्हीएचएफ लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, त्यामुळे उंची हेच बळ. सोळा मीटर उंचीवरून क्षितिज सुमारे 9 सागरी मैल. दोन मीटरवर हातात धरलेल्या वॉकीटॉकीचे तीनच. पण डोलकाठी मोडली की अँटेनाही जाते. म्हणून एक राखीव अँटेना खाली ठेवावी.

लाल बटण

नव्या व्हीएचएफ रेडिओवर झाकणाखाली लाल बटण असते. ते दाबून धरले की संकटाचा संदेश बोटीच्या नऊ आकडी ओळखक्रमांकासह जातो. भारतीय बोटींचे क्रमांक 419 ने सुरू होतात. पण रेडिओला जीपीएस जोडलेला नसेल आणि त्याच्यात स्वतःचा जीपीएसही नसेल, तर संदेश जातो आणि जागा जात नाही. दोन बारीक तारा जोडायच्या राहिल्यामुळे बचाव करणाऱ्यांना सारा समुद्र शोधावा लागतो. जुन्या बोटीवर मी सर्वांत आधी याच दोन तारा पाहतो.

दुसरी गोष्ट संकटदीपाची, म्हणजे ईपर्बची. 121.5 मेगाहर्ट्झवर चालणारे जुने संच काही बोटींवर अजून खुंटीला दिसतात. उपग्रहांनी ती लहर ऐकणे 1 फेब्रुवारी 2009 पासून बंद केले आहे. आता 406 मेगाहर्ट्झचा, नोंदणी केलेला आणि बॅटरीची मुदत न संपलेला संचच हवा. आपल्या मच्छीमारांच्या बाबतीत सरकारने हे ओळखले आहे. एक लाख बोटींवर दुतर्फा संदेश देणारे ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेला 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरमध्ये आरंभ झाला.

पडद्यावरचा समुद्र

नकाशाचा पडदा सर्वांत मोहक आणि सर्वांत धोक्याचा. 29 नोव्हेंबर 2014 रोजी व्होल्वो शर्यतीतील 'टीम वेस्तास विंड' ही अत्याधुनिक बोट मॉरिशसच्या ईशान्येला कार्गादोस काराजोस प्रवाळबेटावर आदळली. पडद्यावरचा नकाशा लहान प्रमाणात पाहिला तेव्हा त्या बेटाचा धोका नीट दिसत नव्हता. मोठा करून पाहिला असता तर दिसला असता. माणसे वाचली, पण धडा उरला. यंत्र अचूक होते. अपुरे होते ते पाहणे.

शिवाय उपग्रहाचा संदेश अत्यंत क्षीण असतो आणि तो दाबता येतो. जून 2025 मध्ये इराणच्या आखातात शेकडो जहाजांच्या जीपीएसमध्ये व्यत्यय आला होता. अशा वेळी होकायंत्र, खोलीमापक आणि कागदी नकाशावर तासातासाला नोंदलेली जागा हेच खरे सोबती. त्यांना बॅटरी लागते ती फार थोडी, किंवा लागतच नाही.

म्हणून माझा क्रम असा : आधी बॅटरी आणि तारा, मग लाल बटणाचा रेडिओ आणि ईपर्ब, मग जीपीएस आणि इतर जहाजे दाखवणारे एआयएस, त्यानंतर पडदा, आणि सर्वांत शेवटी ऑटोपायलट, कारण त्याची भूक मोठी असते. जुने होकायंत्र मात्र काढू नये. नवे स्पीकर किंवा पडदे त्याच्याजवळ बसवले असतील तर त्यांच्या चुंबकाने सुई किती ढळते, तेवढे तपासून घ्यावे आणि तो आकडा होकायंत्राशेजारीच लिहून ठेवावा.